दोष सुईचा की सांध्याचा?

मुंबईच्या उपनगरांत सध्या जुन्या इमारती पाडून नव्या उभारण्याचे काम जोरात चालू आहे. अंधेरी असो, बोरिवली असो, घाटकोपर किंवा मुलुंड असो, स्टेशनाबाहेर दहा मिनिटे चालले की पुनर्विकासासाठी रिकामी होत असलेली एखादी तरी इमारत दिसते. घर रिकामे करताना पोटमाळ्यावरच्या वस्तू खाली येतात. त्यांत पुष्कळदा एक रेकॉर्ड प्लेअर आणि ध्वनिमुद्रिकांचा एक गठ्ठाही असतो. १९६० ते १९८० च्या काळात गिरगाव-दादरच्या चाळींतून उपनगरांत राहायला आलेल्या कितीतरी कुटुंबांनी हौसेने घेतलेली ही वस्तू. टेपरेकॉर्डर आला तशी ती माळ्यावर गेली.

घरातले कोणी उत्साही माणूस हा प्लेअर पुसूनपासून नव्या अँप्लिफायरला जोडून पाहते. आवाज येतो, पण पातळ आणि कर्कश. तबल्याची चाट ऐकू येते, डग्गा मात्र कुठे आहे ते कळत नाही. मग निकाल दिला जातो. एक म्हणतो, ‘पिन गेली.’ दुसरा म्हणतो, ‘रेकॉर्ड झिजली.’ तिसरा म्हणतो, ‘त्या काळी आवाज असाच असायचा.’ दुसऱ्या दिवशी सगळे सामान भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते.

माझे म्हणणे असे, की हे तिन्ही निकाल पुष्कळदा चुकीचे असतात. सुई चांगली असते, मुद्रिका चांगली असते आणि नवा अँप्लिफायरही चांगला असतो. दोष असतो तो त्या दोघांच्या सांध्यात. हा सांधा जुळला आहे की नाही हे ठरवायला जे भौतिकशास्त्र लागते, ते तुम्ही दहावीपर्यंत शाळेतच शिकता. म्हणून हे काम शाळांनी हाती घ्यावे असे मी सुचवणार आहे. पण सूचनेआधी सांधा म्हणजे काय ते नीट समजून घेऊ या.

दोन घराण्यांच्या कार्ट्रिज

ध्वनिमुद्रिकेच्या तबकडीवर एक लांबच लांब सर्पिल खाच असते. खाचेच्या भिंती नागमोडी असतात. तबकडी फिरू लागली की खाचेत टेकलेली सुई ह्या नागमोडीप्रमाणे हलते. सुईच्या ह्या हालचालीचे रूपांतर विद्युत् दाबात करणारी छोटीशी डबी म्हणजे कार्ट्रिज. ती सुईच्या मागेच, हाताच्या टोकाला बसवलेली असते.

कार्ट्रिजची दोन मुख्य घराणी आहेत. पहिले घराणे दाबविद्युत् परिणामावर चालते. काही स्फटिकांवर दाब दिला, ते वाकवले किंवा पिळले, की त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युत् भार जमा होतो. हा शोध प्येर आणि झाक क्यूरी ह्या भावांनी १८८० साली लावला. सुई स्फटिकाच्या पट्टीला पिळते आणि पट्टीच्या दोन बाजूंना विद्युत् दाब निर्माण होतो. आरंभी ह्यासाठी रोशेल लवणाचे स्फटिक वापरत, पुढे सिरॅमिक पदार्थ आले. एचएमव्ही फिएस्टासारखे जे सुटकेसवजा प्लेअर आपल्याकडे घरोघरी होते, त्यांत बहुधा ह्याच घराण्याची कार्ट्रिज असे. कारण ती स्वस्त असते आणि दणदणीत दाब देते. सिरॅमिक कार्ट्रिज साधारण ०.१ ते ०.५ व्होल्ट देते, तर स्फटिकाची १ व्होल्टपर्यंतही जाते.

दुसरे घराणे चुंबकीय. सुईच्या दांडीच्या मागच्या टोकाला एक इवलासा चुंबक असतो आणि त्याच्याजवळ बारीक तारेची वेटोळी असतात. सुई हलली की चुंबक हलतो आणि फॅरडेच्या नियमाप्रमाणे वेटोळ्यांत विद्युत् दाब प्रवर्तित होतो. हा दाब फारच थोडा, ३ ते ५ मिलिव्होल्ट इतकाच असतो. म्हणजे सिरॅमिकच्या दाबाचा जेमतेम पन्नासावा किंवा शंभरावा भाग.

दोन घराण्यांत आणखी एक महत्त्वाचा फरक आहे. स्फटिक सुई किती सरकली हे सांगतो, तर चुंबक आणि वेटोळे सुई किती वेगाने सरकली हे सांगतात. हा फरक लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

नळ, टाकी आणि ओहमचा नियम

आता अँप्लिफायरकडे वळू. कार्ट्रिजकडून आलेला दाब ज्या दारातून अँप्लिफायरमध्ये शिरतो, त्या दाराला स्वतःचा रोध असतो. त्याला आपण भाररोध म्हणू. तो किती असावा हे कार्ट्रिजवर अवलंबून असते.

उपनगरातल्या इमारतीत राहणाऱ्यांना हे समजायला कठीण जाऊ नये. गच्चीवरच्या टाकीतून एकच बारीक नळ खाली आलेला असतो. सकाळी खालच्या मजल्यावरच्यांनी नळ पूर्ण उघडला की वरच्या मजल्यावर धार बारीक होते. टाकीतले पाणी कमी झालेले नसते. बारीक नळीतून जास्त पाणी ओढले म्हणून नळीतच दाब खर्च होतो. खालचा नळ थोडासाच उघडला तर दाब टिकतो. कार्ट्रिज ही अशीच बारीक नळीची टाकी आहे. तिच्या आत स्वतःचा विरोध असतो. भाररोध लहान म्हणजे नळ पूर्ण उघडा, भाररोध मोठा म्हणजे नळ थोडासाच उघडा.

सिरॅमिक कार्ट्रिजचे एक उदाहरण आकड्यांत मांडू. विद्युत् दृष्टीने ही कार्ट्रिज म्हणजे एक छोटे धारित्रच असते. तिची धारकता ८०० पिकोफॅरड धरा. धारित्राचा विरोध, म्हणजे संरोध, वारंवारतेप्रमाणे बदलतो. वारंवारता कमी तर संरोध जास्त. सूत्रात आकडे घातले तर १०० हर्ट्झला हा संरोध सुमारे २० लाख ओहम, १,००० हर्ट्झला २ लाख ओहम आणि १०,००० हर्ट्झला २० हजार ओहम येतो.

हिला आपण नव्या अँप्लिफायरच्या ‘ऑक्स’ ह्या दाराला जोडले आणि त्या दाराचा रोध ४७ हजार ओहम आहे असे समजा. मग १०,००० हर्ट्झच्या स्वराचा दाब सुमारे ९२ टक्के आत पोचतो. १,००० हर्ट्झचा २३ टक्के पोचतो. आणि १०० हर्ट्झचा जेमतेम सव्वादोन टक्के! (रोध आणि धारित्राचा संरोध ह्यांची बेरीज साधी होत नाही. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंवरून कर्ण काढावा तशी ती होते. हिशोब करून पाहा.) डग्गा कुठे गेला ह्याचे उत्तर इथे मिळते. तो मुद्रिकेत आहे, सुईने तो उचललाही आहे. पण दारातच त्याचा बेचाळिसावा भाग उरला.

हीच कार्ट्रिज २० लाख ओहमचा, म्हणजे २ मेगओहमचा भाररोध असलेल्या दाराला जोडली तर १०० हर्ट्झचा सुमारे ७० टक्के दाब आत पोचतो. जुन्या प्लेअरमधल्या मूळ अँप्लिफायरचे दार असेच मोठ्या रोधाचे ठेवलेले असे. जुना प्लेअर त्याच्या स्वतःच्या कर्ण्यावर भरीव वाजतो आणि महागड्या नव्या अँप्लिफायरवर चिरका वाजतो, ह्यात जादू काही नाही.

उलटा प्रकार

आता दुसऱ्या घराण्याकडे पाहू. चुंबकीय कार्ट्रिज ‘ऑक्स’ला जोडली तर दोन गोष्टी होतात. एक, आवाज फारच लहान येतो. हे दार साधारण २०० मिलिव्होल्टची अपेक्षा करते आणि कार्ट्रिज देते ४ मिलिव्होल्ट. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तबकडी कापतानाच खालचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे स्वर मुद्दाम उचललेले असतात. खर्जाचे स्वर पूर्ण जोराने कापले तर खाच इतकी रुंद नागमोडी घेईल, की शेजारच्या खाचेत घुसेल. आणि वरचे स्वर उचलले नाहीत तर ते तबकडीच्या खरखरीत बुडून जातील. वाजवताना ह्याच्या नेमके उलटे करावे लागते. त्यासाठी अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने १९५४ साली एक वक्र ठरवून दिला. त्याला ‘रिआ’ वक्र म्हणतात. पुढे जगभर तोच रूढ झाला. ह्या वक्राप्रमाणे वाजवताना १,००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झचा स्वर सुमारे ९ पट वाढवायचा असतो आणि २०,००० हर्ट्झचा साडेनऊ पटींनी घटवायचा असतो.

अँप्लिफायरवर ‘फोनो’ असे लिहिलेले जे दार असते, त्याच्या मागे हे काम करणारे मंडल बसवलेले असते. त्या दाराचा रोध ४७ हजार ओहम ठेवण्याची प्रथा आहे. चुंबकीय कार्ट्रिज तेवढ्या भाराला धरूनच बनवतात.

मग सिरॅमिक कार्ट्रिजला हा वक्र का लागत नाही? मघाचा फरक आठवा. सिरॅमिक सुई किती सरकली ते सांगते, वेग सांगत नाही. ‘रिआ’ पद्धतीने कापलेल्या तबकडीत सुईचे सरकणे सर्व स्वरांना ढोबळमानाने सारखेच असते. त्यामुळे सिरॅमिकचा आवाज आपोआपच जवळजवळ समतोल येतो. ती ‘फोनो’च्या दारात घातली, तर मिलिव्होल्टसाठी बांधलेल्या मंडलात एकदम कितीतरी पट दाब शिरतो आणि आवाज फाटतो.

चुंबकीय कार्ट्रिज योग्य दाराला जोडली तरी एक बारकावा राहतो. तिच्या वेटोळ्यांची प्रवर्तकता साधारण अर्धा हेन्री असते. प्लेअरपासून अँप्लिफायरपर्यंत जाणाऱ्या केबलला धारकता असते, साधारण मीटरला १०० पिकोफॅरड. वेटोळे आणि धारित्र एकत्र आले की अनुस्पंदन होते, हे तुम्ही पुढे अकरावी-बारावीत शिकाल. एकूण धारकता २०० पिकोफॅरड असेल तर हे अनुस्पंदन सुमारे १६,००० हर्ट्झला येते, म्हणजे कानाच्या मर्यादेजवळ. धारकता ४०० झाली तर ते ११,००० हर्ट्झच्या आसपास उतरते आणि ८०० झाली तर ८,००० च्या आसपास. तेथे आवाज अधिक झणझणीत होतो आणि त्याच्या वर एकदम घसरतो. काही जुन्या कार्ट्रिज ४०० ते ५०० पिकोफॅरड गृहीत धरूनच बनवलेल्या होत्या, त्यांना कमी दिली तरी बिघडते. म्हणजे नुसती लांब केबल वापरली, किंवा फार आखूड केली, तरी गाणाऱ्याचा आवाज बदलतो. जुन्या पाच पिनांच्या सॉकेटला नवी केबल जोडणारा ॲडॅप्टर दुकानात सहज मिळतो. पण प्लग बसला म्हणजे जोड जमली असे नव्हे.

पावसाळ्याचा खरा गुन्हा

सुई किंवा कार्ट्रिज कधीच बिघडत नाही, असे मी म्हणत नाही. मुंबईत तर एक घराणे हमखास बिघडते. रोशेल लवण हे पोटॅशियम आणि सोडियम ह्यांचे टार्टारिक आम्लाबरोबर झालेले लवण आहे. टार्टारिक आम्ल म्हणजे आपल्या चिंचेला आंबटपणा देणारे आम्ल. हे लवण पाण्यात सहज विरघळते, दमट हवेत ओलावा धरते आणि ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास खराब होते. उपनगरातल्या पोटमाळ्यावर तीस-चाळीस पावसाळे काढलेली स्फटिकाची कार्ट्रिज मेलेली निघाली तर नवल नाही. सिरॅमिक कार्ट्रिज आणि चुंबकीय कार्ट्रिज मात्र दमट हवेला बऱ्याच दाद देत नाहीत. सुईला धरणारे रबर कडक होते एवढेच, आणि ते बदलता येते.

पण मेलेली कार्ट्रिज आणि चुकीची जोडलेली कार्ट्रिज ह्यांची लक्षणे वेगळी असतात. मेलेली कार्ट्रिज सर्वच स्वरांत क्षीण होते किंवा मुकी होते. चुकीच्या भाराची कार्ट्रिज काही स्वर नीट देते आणि काही गिळते. डॉक्टर जसा ताप पाहून लगेच औषध लिहीत नाही, आधी तपासतो, तसे इथे करायला हवे.

एवढी काळजी कशासाठी?

इथे कोणी विचारेल, की गाणी तर आता फोनवर ऐकता येतात, मग जुन्या प्लेअरचा एवढा खटाटोप कशासाठी? प्रश्न रास्त आहे. पण फोनवर जे येते ते कोणी तरी कधी तरी तबकडी वाजवूनच तेथे पोचवलेले असते. ते वाजवताना सांधा जुळलेला नव्हता तर तीच चूक कायमची मुद्रित होते. मूळ तबकडी फुटली किंवा भंगारात गेली, की दुरुस्त करायलाही काही उरत नाही.

७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांचे उदाहरण घ्या. आपल्याकडे त्या १९७० च्या सुमारापर्यंत निघत होत्या. ‘रिआ’ वक्र ठरला १९५४ साली. त्याआधीच्या तबकड्यांवर वेगवेगळ्या कंपन्यांचे वेगवेगळे वक्र होते. त्यांपैकी अनेकांत खालचे स्वर २५० हर्ट्झच्या खाली दाबलेले असत आणि वरचे स्वर मुळीच उचललेले नसत. अशी तबकडी आजच्या ‘फोनो’च्या दारातून वाजवली, तर जे स्वर उचललेलेच नाहीत ते आणखी घटवले जातात. ५,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज ४० टक्क्यांवर येतो. ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरे ह्याच भागात स्पष्ट होतात. ती बोथट होतात, खर्ज मात्र फुगतो, आणि ऐकणारा म्हणतो, ‘जुन्या गायकांचे शब्द कळत नाहीत.’ शब्द गायकाने नीट उच्चारलेले असतात. ते आपण पुसलेले असतात.

सुईचेही तसेच आहे. ७८ च्या तबकडीची खाच रुंद असते, तिला टोकाशी सुमारे ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते. एलपीच्या सुईची त्रिज्या १८ मायक्रॉनच्या आसपास असते. ती रुंद खाचेच्या तळाशी लोळते आणि तेथला कचरा वाजवते. पूर्वीच्या प्लेअरवर सुई उलटवायची एक छोटी कळ असे आणि तिच्यावर ‘७८’ व ‘एलपी’ असे लिहिलेले असे. ती कळ कशासाठी आहे हे तेव्हा घरातल्या लहान मुलालाही ठाऊक होते.

मुंबईतच वडाळ्याला ‘यंग इंडिया’ ह्या नावाने ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी होती. १९३५ पासून सुमारे वीस वर्षे ती चालली. नवोदित आणि हौशी कलावंतांना तिने संधी दिली. तिच्या फारच थोड्या मुद्रिका पुढे कॅसेट किंवा सीडीवर आल्या. म्हणजे त्या आवाजांची एकमेव प्रत बहुधा कोणाच्या तरी कपाटात किंवा माळ्यावर होती. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ह्या संग्राहकांच्या संस्थेने अशा मुद्रिकांकडे लक्ष वेधले. संस्थेचे काम अनेक वर्षे सांभाळणारे सुरेश चांदवणकर ह्यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातील दप्तरांसाठीच्या योजनेतून ‘यंग इंडिया’च्या मुद्रिकांचे अंकीय जतन करण्याचा प्रकल्प केला. चांदवणकर हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले, भौतिकशास्त्राचे अभ्यासक. भौतिकशास्त्र जाणणारा माणूस गाण्यांच्या जतनाकडे वळतो ही मला योगायोगाची गोष्ट वाटत नाही. आवाज जतन करणे हे आधी मोजमापाचे काम आहे.

शाळांनी काय करावे?

माझी सूचना अशी. उपनगरांतल्या प्रत्येक माध्यमिक शाळेने एक जुना रेकॉर्ड प्लेअर आणि चार-दोन सामान्य मुद्रिका प्रयोगशाळेत आणून ठेवाव्यात. पुनर्विकासाच्या ह्या दिवसांत त्या मिळायला अडचण पडणार नाही, मागितल्या की लोक देतील. मग विद्यार्थ्यांच्या गटांना प्रश्न द्यावा : ही कार्ट्रिज कोणत्या घराण्याची, आणि तिला कसे दार हवे?

ओळखायची सोपी कसोटी अशी आहे. सुई काढता येत असेल तर आधी काढून घ्या. मग कार्ट्रिजच्या मागच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावा. काही शे ते दीड हजार ओहमच्या आसपास रोध आला तर आत वेटोळे आहे. काहीच वहन झाले नाही तर बहुधा स्फटिक किंवा सिरॅमिक आहे. मग मल्टिमीटरच्या धारकतेच्या पट्ट्यावर पिकोफॅरड मोजा आणि वर केला तसा हिशोब करा.

प्लेअर मिळाला नाही तरी प्रयोग अडत नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात पितळेची पिझो चकती थोडक्या पैशांत मिळते. ती म्हणजे सिरॅमिक कार्ट्रिजची थोरली बहीण. तिची धारकता साधारण २० नॅनोफॅरड असते. ती चहाच्या रिकाम्या डब्यावर चिकटवा आणि बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या अँप्लिफायरला जोडा. डब्यावर बोटाने धप्प करा, मग नखाने खरवडा. आता चकतीच्या दोन तारांमध्ये ४.७ किलोओहमचा रोधक आडवा जोडून तेच पुन्हा करा. धप्प आवाज नाहीसा होईल, खरवडणे राहील. अँप्लिफायरचा स्वतःचा रोध ५० किलोओहम असेल तर ही सीमा १६० हर्ट्झवरून १,८०० हर्ट्झच्या वर का गेली, ह्याचे उत्तर विद्यार्थ्यांनी स्वतः काढावे. ओहमच्या नियमाची दहा उदाहरणे फळ्यावर सोडवून जे समजत नाही, ते ह्या एका डब्याने समजते असे मला वाटते.

एक ताकीद मात्र हवी. घरच्या विजेवर चालणारा अँप्लिफायर किंवा जुना व्हॉल्व्हचा रेडिओग्राम विद्यार्थ्यांनी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या धारित्रांत प्राणघातक दाब राहू शकतो. आणि दुर्मिळ तबकडीवर कोणताही प्रयोग करू नये. ती तशीच जपून जाणकारांकडे द्यावी.

काही शिक्षक म्हणतील, की अभ्यासक्रम संपवायलाच वेळ पुरत नाही. त्यांची अडचण खोटी नाही. पण ध्वनी, ओहमचा नियम, विद्युत् चुंबकीय प्रवर्तन हे विषय अभ्यासक्रमातलेच आहेत. आपण ते तीन वेगळ्या धड्यांत शिकवतो आणि तीन वेगळ्या प्रश्नांत विचारतो. विद्यार्थ्याला सुटे भाग येतात, पण एक भाग दुसऱ्याला जोडला की काय होते हे येत नाही. कारखान्यात, दवाखान्यात किंवा घरात यंत्र अडते ते पुष्कळदा ह्या जोडण्याच्या जागीच. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाच्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत कृती-संशोधनाचा भाग असतो. असल्या कामासाठी ह्याहून चांगला विषय कोणता?

काही जण म्हणतील, हे तंत्रज्ञांचे काम आहे. मग तंत्रज्ञांना बोलवावे. अंधेरीला १९७३ साली ‘सीप्झ’, म्हणजे इलेक्ट्रॉनिक मालाचे निर्यात क्षेत्र उभे राहिले. त्याच्या आसपास आणि इतर उपनगरांत रेडिओ-अँप्लिफायरची दुरुस्ती करत आयुष्य घालवलेली माणसे आज निवृत्त होऊन आपल्याच सोसायट्यांत राहत आहेत. त्यांच्या हातातले ज्ञान पुस्तकात क्वचितच सापडते. उंच संरोधाचे दार करायला एक एफईटी ट्रान्झिस्टर आणि तीन-चार रोधक पुरतात. ते कसे जोडावे हे ती मंडळी एका दुपारी शिकवतील.

शेवटी एक आग्रह. शाळेत असो वा घरी, कोणतीही तबकडी वाजवून तिची प्रत संगणकावर घेतलीत, तर सोबत पाच ओळींची नोंद ठेवा : कार्ट्रिज कोणती, सुई कोणत्या मापाची, भाररोध किती, केबल किती लांब, वक्र कोणता. प्रयोगवहीत एकक न लिहिता नुसता आकडा लिहिला तर शिक्षक गुण कापतात. ह्या नोंदीवाचूनचे मुद्रण हे तशाच एककावाचूनच्या आकड्यासारखे आहे. नोंद असेल तर पुढे कोणीही चूक मोजून दुरुस्त करू शकेल. तेव्हा इमारत रिकामी होण्याआधी माळ्यावर एकदा चढा, आणि हातगाडीवाल्याला हाक मारण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या.